टिळक हायस्कूल, कऱ्हाड : वर्ग आणि आखाडा

टिळक हायस्कूल हे कृष्णा आणि कोयना या नद्यांच्या संगमावर वसलेल्या कऱ्हाड गावातील माध्यमिक विद्यालय. शिक्षण मंडळ, कऱ्हाड या संस्थेने ते चालवले. संस्थेचा आरंभ १९२१ चा. लोकमान्य टिळकांचे निधन १ ऑगस्ट १९२० रोजी झाले आणि त्यानंतरच्या वर्ष-दीड वर्षात महाराष्ट्रातील गावोगावी त्यांच्या नावाने वाचनालये, तालमी आणि शाळा निघाल्या. त्यांपैकी पुष्कळ पुढे बंद पडल्या. कऱ्हाडची शाळा टिकली, वाढली, आणि तिने महाराष्ट्र राज्याला पहिला मुख्यमंत्री व स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधील पहिला वैयक्तिक पदकविजेता दिला. तालुक्याच्या गावातील, फीवर आणि सरकारी अनुदानावर चालणाऱ्या एका शाळेच्या हजेरीपटावर ही दोन्ही नावे असावीत, हे सहज घडलेले नाही. त्यामागे गावाने शाळेकडे कसे पाहिले आणि शाळेने गावातील मुलांकडे कसे पाहिले, याचा इतिहास आहे.

शाळा निघण्याआधी कऱ्हाडच्या परिसरातील हुशार मुलाची वाट किती अवघड होती, हे गोपाळ गणेश आगरकरांच्या चरित्रावरून कळते. आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचे, जन्म १८५६ चा. आजोळच्या आधाराने कऱ्हाडात त्यांचे सुरुवातीचे शिक्षण झाले. पुढे शिकण्याची सोय नाही आणि घरी पैसा नाही, म्हणून कोवळ्या वयात कचेरीत उमेदवारी करावी लागली. शिक्षणासाठी ते रत्नागिरीपर्यंत पायी गेले आणि अखेर मॅट्रिक झाले ते थेट अकोल्याहून, १८७५ मध्ये. पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटी उभारणाऱ्यांपैकी एक असलेल्या या माणसाला स्वतःच्या तालुक्यात हायस्कूल मिळाले नव्हते. पुढच्या चार-पाच दशकांत परिस्थिती सुधारली, तरी खेड्यातील शेतकऱ्याच्या मुलासाठी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल म्हणजे शिक्षणाचा शेवट, हीच समजूत होती. फायनल झालेला मुलगा तलाठी किंवा प्राथमिक शिक्षक होई. इंग्रजी शिकून मॅट्रिक होणे ही सातारा-पुण्यात बिऱ्हाड करू शकणाऱ्यांची गोष्ट होती.

१९२० च्या आसपास हे बदलू लागले. कऱ्हाड तालुक्यातीलच काले येथे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. जवळच ओगलेवाडीला ओगले बंधूंचा काचकारखाना १९१६ पासून उभा राहिला होता. त्या कारखान्यातला प्रभाकर कंदील पुढे महाराष्ट्रभर घरोघरी गेला, आणि त्याच्या उजेडात अभ्यास केलेल्या पिढ्यांची गणती करणे अवघड आहे. असहकाराच्या चळवळीने राष्ट्रीय शिक्षणाचा विचार गावात आणला होता. सत्यशोधक चळवळीचे जलसे खेड्यापाड्यांत बहुजनांनी शिकावे म्हणून सांगत होते. या दोन प्रवाहांत वाद होते आणि ते कडवट होते. तरी मुलांनी शिकले पाहिजे यावर दोघांचे एकमत होते, आणि हायस्कूलच्या बाकांवर दोन्ही प्रवाहांतील घरांची मुले शेजारी-शेजारी बसली.

त्या काळची शिक्षणाची रचना आजच्यापेक्षा वेगळी होती. मराठी चौथीनंतर मुलगा इंग्रजी पहिलीत जाई आणि इंग्रजी सातवीला मॅट्रिकची परीक्षा देई. परीक्षा मुंबई विद्यापीठाची असे. फायनलपर्यंत मराठी शाळेतच राहिलेल्या मुलाला इंग्रजीचे वर्ग नव्याने सुरू करावे लागत, त्यामुळे वर्गात वयाने मोठी मुले असणे नेहमीचे होते. अठरा-एकोणीस वर्षांचे, घरची शेती पाहिलेले, गावच्या जत्रेत कुस्ती धरलेले विद्यार्थी वरच्या इयत्तांत बसत. इंग्रजी, गणित आणि संस्कृत या तीन विषयांवर मुलगा तरे किंवा बुडे. शाळेची फी भरणे अनेकांना जड जाई, आणि मॅट्रिकच्या परीक्षेची फी हे तर घरावरचे वेगळेच संकट असे.

यशवंतराव चव्हाण या शाळेत आले ते अशाच घरातून. जन्म १२ मार्च १९१३, आजोळी देवराष्ट्रे येथे. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आता सांगली जिल्ह्यात आहे. वडील बळवंतराव कऱ्हाडच्या न्यायालयात बेलिफ होते आणि मुलगा लहान असतानाच प्लेगने गेले. आई विठाबाई आणि थोरल्या भावांनी घर सावरले. मधले बंधू गणपतराव बहुजन समाजाच्या चळवळीत होते. धाकट्याने शिकावे यासाठी त्यांनी स्वतःच्या शिक्षणावर पाणी सोडले. टिळक हायस्कूलमध्ये यशवंतरावांना वाचनाची आणि भाषणाची गोडी लागली. १९२९ च्या सप्टेंबरमध्ये लाहोरच्या तुरुंगात उपोषण करणारे जतींद्रनाथ दास गेले. वर्तमानपत्रातून त्यांच्या उपोषणाच्या बातम्या रोज वाचणाऱ्या या मुलाच्या मनावर त्याचा खोल परिणाम झाला. आपल्या ‘कृष्णाकाठ’ या आत्मचरित्रात त्यांनी त्या दिवसांविषयी सविस्तर लिहिले आहे.

शाळेतील एक प्रसंग महाराष्ट्रात सर्वांच्या तोंडी आहे. शिक्षकांनी वर्गातील मुलांना मोठेपणी कोण होणार ते विचारले. कोणी टिळक म्हणाले, कोणी आणखी कोणा थोर पुरुषाचे नाव घेतले. यशवंतरावांनी आपण यशवंतराव चव्हाण होणार असे उत्तर दिले. शिक्षकांना ते प्रथम अहंकाराचे वाटले. या प्रसंगाची आठवण आज कौतुकाने काढली जाते, पण संस्थेच्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते असे की १९३० च्या आसपास तालुक्याच्या गावातील एका वर्गात हा प्रश्न विचारला जात होता, आणि बेलिफाच्या पोरक्या मुलाला त्याचे असे उत्तर देण्याचे धाडस होत होते. पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयात भरलेल्या वक्तृत्व स्पर्धेत ग्रामसुधारणेवर बोलून याच मुलाने पहिले बक्षीस मिळवले. रक्कम दीडशे रुपयांची होती. त्या काळात एवढ्या रकमेत एखाद्या कुटुंबाचे कित्येक महिने निघत. पुण्याच्या व्यासपीठावर कऱ्हाडच्या शाळेचे नाव पुकारले गेले, ही गोष्ट गावाला फार मोलाची वाटली.

२६ जानेवारी १९३२ हा दिवस शाळेच्या इतिहासात कायमचा नोंदला गेला. कायदेभंगाची दुसरी फेरी नुकतीच सुरू झाली होती. यशवंतराव आणि त्यांच्या सोबत्यांनी शाळेच्या आवारातील झाडावर तिरंगा चढवला. त्यांना अटक झाली आणि अठरा महिन्यांची शिक्षा झाली. तेव्हा ते एकोणीस वर्षांचेही नव्हते. अनुदान घेणाऱ्या शाळेवर अशा कृत्याची आच येण्याची भीती होती आणि शिक्षकांची नोकरी त्यात गुंतलेली होती. माफी लिहून दिली तर मुलगा सुटेल, असे समजावण्यासाठी एका शिक्षकाने विठाबाईंना बरोबर घेऊन कोठडी गाठली. त्यामागे विद्यार्थ्याचे वर्ष वाचवण्याची कळकळ होती, हे मान्य केले पाहिजे. विठाबाईंनी मात्र माफीचा विचार साफ नाकारला आणि मुलाला प्रकृतीला जपायला सांगून त्या परतल्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या त्या माउलीने त्या दिवशी शिकवलेला धडा कोणत्याही अभ्यासक्रमात बसणारा नव्हता.

येरवड्याच्या कँप जेलमध्ये यशवंतरावांना आचार्य भागवत, रावसाहेब पटवर्धन, एस. एम. जोशी, ह. रा. महाजनी अशांचा सहवास मिळाला आणि तिथे त्यांचे भरपूर वाचन झाले. १९३३ मध्ये सुटून ते पुन्हा त्याच शाळेच्या बाकावर येऊन बसले. राजकीय शिक्षा भोगून आलेल्या विद्यार्थ्याला शाळेने परत घेतले, ही संस्थेच्या बाजूने आवर्जून लिहून ठेवण्याजोगी गोष्ट आहे. १९३४ मध्ये ते मॅट्रिक झाले आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजमध्ये गेले. कऱ्हाडला तेव्हा महाविद्यालय नव्हते. शाळेतून बाहेर पडणारा मुलगा कोल्हापूर, सांगली किंवा पुण्याची गाडी धरी, आणि त्यातही कोल्हापूरचा ओढा अधिक असे. बारा-तेरा वर्षांनी याच शाळेतला दुसरा एक मुलगा त्याच राजाराम कॉलेजात दाखल होणार होता.

त्या मुलाच्या आधी शाळेच्या मैदानाविषयी लिहिणे आवश्यक आहे. सातारा-कोल्हापूरच्या पट्ट्यात व्यायाम शाळेने आणलेला नाही. तो गावात आधीपासून होता. प्रत्येक गावाला तालीम, तालमीत मारुती, आणि मारुतीसमोर हौदा. हौद्यातली तांबडी माती चाळून घेतलेली असते. तिच्यात तेल, हळद, ताक, लिंबू मिसळून ती मऊ आणि निर्जंतुक ठेवली जाते आणि पाणी शिंपडून रोज खोऱ्याने उकरली जाते. उकरणे हाच पहिला व्यायाम. मग जोर, बैठका, सपाट्या, आणि शेवटी जोड्या लागतात. पाठ टेकली की कुस्ती संपली, इतका हा खेळ स्पष्ट आहे. जत्रेतल्या फडात नारळावरची कुस्ती लहान मुलांची, पुढे रुपयांची, मग मानाची. शाळेत येणारा खेड्यातला मुलगा हे सगळे अंगात घेऊनच येत असे.

शाळांनी यात भर घातली ती शिस्तीची आणि विविधतेची. सुरुवातीच्या काळात हायस्कुलांत ड्रिलमास्तर असत आणि कवायत एवढाच शारीरिक शिक्षणाचा अर्थ होता. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले आणि शारीरिक शिक्षणाला शाळेच्या वेळापत्रकात मानाची जागा मिळू लागली. १९३८ मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी प्रशिक्षण संस्था निघाली. तिथून शिकून आलेले शिक्षक जिल्ह्याजिल्ह्यांत पोचले. हुतूतू, खो-खो, आट्यापाट्या या खेळांना आखलेली मैदाने आणि ठरलेले नियम मिळाले, धावण्याला आणि फेकीला मोजपट्टी आली. मल्लखांब पूर्वीपासून होताच. शिसवी किंवा सागवानी खांब, वर बोंड, त्याला एरंडेल चोळलेले. त्यावर पकड बसण्यासाठी मांड्या, पोटऱ्या आणि पायाचा अंगठा यांत जी ताकद लागते, तीच ताकद कुस्तीत प्रतिस्पर्ध्याच्या कमरेला विळखा घालताना कामी येते. कुस्तीगिरासाठीच निघालेला हा व्यायाम शाळांनी सर्व मुलांचा केला, हे शाळांचे मोठे काम होय.

खाशाबा दादासाहेब जाधव १९४० मध्ये टिळक हायस्कूलमध्ये आले आणि १९४७ पर्यंत तिथे शिकले. जन्म १५ जानेवारी १९२६, गाव गोळेश्वर. हे गाव कऱ्हाडला अगदी लागून आहे. वडील स्वतः पैलवान होते आणि घरात कुस्ती रोजच्या भाकरीसारखी होती. पाच भावांत खाशाबा धाकटे. वयाच्या आठव्या-नवव्या वर्षी त्यांनी पंचक्रोशीतल्या नावाजलेल्या जोडीला दोन मिनिटांत चीत केल्याचे गावात सांगतात. शाळेत ते एकट्या कुस्तीत अडकले नाहीत. पोहणे, धावणे, वजन उचलणे, मल्लखांब, हातोडाफेक या सगळ्यांत ते भाग घेत. उंची बेताची, अंग आटोपशीर, पण चपळाई अशी की मोठ्या अंगाचा मल्ल त्यांना धरीपर्यंत ते त्याच्या पाठीमागे गेलेले असत. ढाक हा त्यांचा आवडता डाव. प्रतिस्पर्ध्याची मान आणि हात एकत्र जखडून त्याला कमरेवरून फेकण्याचा हा डाव ताकदीपेक्षा क्षणाच्या अचूकतेवर अवलंबून असतो. बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले.

त्यांचे शाळेचे दिवस शांततेचे नव्हते. छोडो भारत चळवळीत २४ ऑगस्ट १९४२ रोजी कऱ्हाडच्या कचेरीवर मोठा मोर्चा गेला. सातारा जिल्ह्यातील मोर्चांची ती सुरुवात होती. सप्टेंबरमध्ये तासगाव, वडूज, इस्लामपूर येथे मोर्चे निघाले, वडूज आणि इस्लामपूरला गोळीबार झाला आणि माणसे मेली. पुढे १९४६ पर्यंत जिल्ह्यात प्रतिसरकारचा, म्हणजे भूमिगतांच्या समांतर सरकारचा, अंमल चालला. भूमिगतांना भाकर पोचवणे, निरोप नेणे, रात्रीचा आसरा देणे हे कृष्णाकाठच्या घराघरांत चालले होते, आणि खाशाबांनीही शाळकरी वयात त्यात वाटा उचलला. अशा धामधुमीत शाळा भरत राहिली, परीक्षा होत राहिल्या आणि आखाड्यातली माती उकरली जात राहिली.

१९४७ नंतर खाशाबा राजाराम कॉलेजमध्ये गेले. तिथल्या वार्षिक क्रीडास्पर्धेत त्यांची लहानखुरी चण पाहून प्रथम नाव घेण्यास नकार मिळाला. ते थेट प्राचार्य बाळासाहेब खर्डेकरांकडे गेले, परवानगी मिळवली आणि आपल्याहून दांडग्या मल्लांना त्यांनी आस्मान दाखवले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च केला. मातीत वाढलेल्या या मल्लाला मॅटवरची कुस्ती आणि तिचे आंतरराष्ट्रीय नियम तिथेच खऱ्या अर्थाने भेटले. मातीत पाय रुततो, आधार मिळतो, कुस्ती वेळ घेते. मॅटवर पाय सरकतो, गुण मोजले जातात, वेळ घड्याळावर असतो. अमेरिकी प्रशिक्षक रीस गार्डनर यांनी त्यांना थोड्या दिवसांत जमेल तेवढे शिकवले, आणि फ्लायवेट गटात ते सहावे आले. पहिल्याच प्रयत्नातला हा क्रमांक पाहून कऱ्हाडकरांना वाटले की मुलाला पूर्ण तयारीनिशी पुन्हा पाठवले पाहिजे.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी पैसे उभे करणे ही त्या गावाची खरी कसोटी ठरली. गोळेश्वरच्या गावकऱ्यांनी आणि कऱ्हाडच्या दुकानदारांनी वर्गणी काढली. कोणी रोख दिले, कोणी धान्य दिले. तरीही रक्कम पुरेना, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर सात हजार रुपयांना गहाण टाकले. महाराष्ट्राच्या शिक्षणाच्या इतिहासात शिक्षकाने विद्यार्थ्यासाठी केलेल्या त्यागाची उदाहरणे कमी नाहीत, पण हे उदाहरण त्यांत अगदी वरचे आहे. परीक्षेतील गुण मिळवण्यासाठी हा खर्च नव्हता. कॉलेजचे शिक्षण जवळजवळ संपवलेल्या एका कुस्तीगिराने परदेशात एक आठवडाभर लढावे, एवढ्यासाठी एका प्राचार्याने आपल्या डोक्यावरचे छप्पर पणाला लावले.

हेलसिंकीत खाशाबा सत्तावन्न किलोच्या बँटमवेट गटात उतरले. कॅनडाचे आद्रियां पोलिकिन आणि मेक्सिकोचे लिओनार्दो बासुर्तो यांना त्यांनी हरवले. जपानचे शोहाची इशी यांच्याशी झालेली लांबलेली कुस्ती त्यांनी गमावली. इशी त्या गटाचे सुवर्णविजेते ठरले. त्या दमछाक करणाऱ्या लढतीनंतर लगेच त्यांना सोव्हिएत संघाचे रशीद मामेदबेकोव्ह यांच्याशी लढायला बोलावले गेले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती नियमाने मिळायला हवी होती, पण ते सांगायला त्या वेळी भारतीय पथकाचा कोणी अधिकारी तिथे नव्हता. खाशाबा ती कुस्ती हरले आणि त्यांना कांस्यपदक मिळाले. दिवस होता २३ जुलै १९५२. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने ऑलिंपिकमध्ये मिळवलेले हे पहिले वैयक्तिक पदक. तोवर हॉकीच्या संघाने सुवर्णपदके आणली होती, पण एकट्याच्या बळावर मिळालेले पदक नव्हते. त्यानंतर दुसरे वैयक्तिक पदक येण्यासाठी देशाला १९९६ पर्यंत, लिअँडर पेसच्या अटलांटातील कांस्यपदकापर्यंत, थांबावे लागले. कुस्तीतले पुढचे पदक तर २००८ मध्ये सुशील कुमारने आणले.

कऱ्हाड स्थानकावर खाशाबा उतरले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी पायी काही मिनिटांचे गोळेश्वरचे अंतर कापायला मिरवणुकीला कित्येक तास लागले. ढोल, लेझीम, गुलाल आणि प्रत्येक बैलाच्या शिंगाला बांधलेले गोंडे. गावातील शाळेने जगाला खेळाडू दिला, याचा आनंद व्यक्त करण्याची त्या गावाची ती रीत होती. मिरवणूक आटोपल्यावर खाशाबांनी कुस्त्यांच्या मैदानांतून पैसा उभा केला आणि खर्डेकरांचे गहाण पडलेले घर सोडवून दिले. १९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले आणि सहायक आयुक्त होऊन निवृत्त झाले. अर्जुन पुरस्कार मात्र त्यांना मरणोत्तर मिळाला. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला यशवंतरावही गेले. त्यांची समाधी कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर आहे, शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर.

स्वातंत्र्यानंतर शाळेच्या कामाचे स्वरूप बदलत गेले. मॅट्रिकची जागा एस.एस.सी.ने घेतली. १९४९ पासून ही परीक्षा स्वतंत्र मंडळाकडून होऊ लागली आणि मराठीतून उत्तरे लिहिणारा मुलगा इंग्रजीवाल्याच्या बरोबरीने उभा राहिला. गावात पुढच्या शिक्षणाची दारेही उघडली. १९५४ मध्ये रयत शिक्षण संस्थेने कऱ्हाडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज काढले आणि १९६० मध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. आता मॅट्रिक झालेल्या मुलाला कोल्हापूर गाठणे भाग राहिले नाही. अकरावीला इंग्रजी-गणितात चमकलेला मुलगा गावातच इंजिनिअर होऊ शकत होता. आसपासच्या गावांतील पालकांनी टिळक हायस्कूलकडे पाहण्याची दृष्टी यामुळे पालटली. पूर्वी शाळा म्हणजे कारकुनीची वाट होती. आता ती डॉक्टर-इंजिनिअर होण्याची पहिली पायरी बनली.

या काळात सर्वांत मोठा बदल घडवला तो शाळेच्याच माजी विद्यार्थ्याने. मुख्यमंत्री असताना यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने १९५९ मध्ये वार्षिक नऊशे रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांची फी माफ केली. ही मर्यादा नंतर बाराशे रुपयांवर नेली गेली. ‘ई.बी.सी.’ (आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग) हे तीन अक्षरी नाव तेव्हापासून मराठी घरांत रुळले. ई.बी.सी.चा फॉर्म, त्यावर तलाठ्याचा दाखला, मुख्याध्यापकाची सही, हे कागद हातात घेऊन रांगेत उभी राहिलेली पिढी आज साठी-सत्तरी ओलांडून गेली आहे. जात न पाहता केवळ उत्पन्न पाहून दिलेली ही सवलत ग्रामीण महाराष्ट्राच्या शिक्षणाला सर्वाधिक बळ देणाऱ्या निर्णयांपैकी एक आहे. फीसाठी अडलेले बालपण ज्याने स्वतः याच बाकांवर भोगले, त्याच्याच हातून तो व्हावा, यात नवल नाही. १९६१ मध्ये साताऱ्याला देशातील पहिली सैनिक शाळा आणि १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ हीही त्याच काळातील कामे.

१९७५ मध्ये दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आला. अकरावीची एस.एस.सी. दहावीला आली आणि दोन वर्षांनी बारावीची पहिली परीक्षा झाली. नव्या गणिताने आणि विज्ञानाने शिक्षकांना पुन्हा विद्यार्थी केले. मुलींच्या शिक्षणाची वाट याच दशकांत रुंद झाली. शिक्षण मंडळाच्या लाहोटी कन्या प्रशालेने मुलींच्या शाळेची गरज भागवली आणि संस्थेने पुढे महिला महाविद्यालयही चालवले. मुलींना बारावीपर्यंत मोफत शिक्षण देण्याचा राज्याचा निर्णय १९८० च्या दशकातला. त्यानंतर कऱ्हाडच्या आसपासच्या खेड्यांतून एस.टी.च्या पासावर शाळेला येणाऱ्या मुलींची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली. ज्या घरातून १९३० मध्ये एकच मुलगा, तोही भावांच्या त्यागावर, हायस्कूलला येत असे, तिथून आता बहीण-भाऊ दोघेही येऊ लागले.

खेळांच्या बाबतीत हा काळ संमिश्र होता. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी चालणाऱ्या शालेय क्रीडास्पर्धांनी मुलांना जत्रेच्या फडाबाहेरचे मैदान दिले. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील गट ठरले, कबड्डी आणि खो-खोमध्ये मुली उतरल्या, कुस्ती मॅटवर आली. दुसरीकडे दहावीचे वर्ष हे घरातल्या सर्वांचे वर्ष होऊन बसले. शिकवणीचे वर्ग सकाळी आणि संध्याकाळी, म्हणजे नेमक्या तालमीच्या वेळेला, भरू लागले. राज्य-राष्ट्रीय पातळीवर खेळणाऱ्या विद्यार्थ्यांना परीक्षेत क्रीडागुण मिळू लागले ही चांगली सोय झाली, तरी पंधरा वर्षांच्या मुलाचा पहाटेचा तास परत मिळाला नाही. शारीरिक शिक्षणाच्या तासाला गणिताचा जादा तास घेण्याची सवय राज्यभरच्या शाळांना जडली, आणि ती शाळांचे नुकसान करणारी आहे. खाशाबांच्या शाळेचा इतिहास लिहिताना हे स्पष्ट नोंदवले पाहिजे, कारण त्यांचे सात वर्षांचे शालेय शिक्षण याच्या अगदी उलट पद्धतीने झाले होते.

मधल्या दशकांत कऱ्हाड आणि पाटण तालुक्यांतील कुटुंबे मोठ्या संख्येने मुंबईला गेली. गोदी, गिरण्या आणि बाजारपेठांतील माथाडी काम ही त्यांची पहिली ठाणी. घाऊक बाजार वाशी-तुर्भ्याला हलले, तशी ही वस्ती कोपरखैरणे, घणसोली आणि पुढे कामोठे, खारघरपर्यंत पसरली. नियोजनाने वसवलेल्या नवी मुंबईत शाळेच्या भूखंडाबरोबर मैदानाचाही विचार झाला. खारघरच्या डोंगरपायथ्याला सेंट्रल पार्क, गोल्फचे मैदान आणि फुटबॉलचे केंद्र आहे. हौदा मात्र शोधावा लागतो. गावाकडे जत्रेला गेलेला खारघरचा नातू मातीत उतरतो तेव्हा ती त्याला नवी असते आणि आजोबांना ओळखीची. टिळक हायस्कूलचे माजी विद्यार्थी अशा कुटुंबांतून मुंबई-पुण्यात सर्वत्र आहेत.

शाळेचे शताब्दी वर्ष महामारीत आले. २०२१ मध्ये राज्यातील दहावीची परीक्षा रद्द झाली आणि जुलैमध्ये निकाल अंतर्गत मूल्यमापनावर लागला. १९३२ च्या कायदेभंगात, १९४२ च्या मोर्चांत, १९६७ च्या डिसेंबरातील कोयना भूकंपाच्या हादऱ्यानंतरही परीक्षांचे चक्र थांबले नव्हते. या वेळी ते थांबले. वर्ग मोबाइलच्या पडद्यावर गेले, आणि पडद्यावर नेता येत नाही असे मैदान महिनोन्‌महिने रिकामे राहिले.

खाशाबांच्या नावाची ओळख त्यानंतर पुन्हा दूरवर पोचली. दिल्लीतील इंदिरा गांधी क्रीडासंकुलातील कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव २०१० मध्येच दिले गेले होते. २०२३ मध्ये त्यांच्या सत्त्याण्णवाव्या जयंतीला गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकवले. महाराष्ट्र शासनाने त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून ठरवला. राज्यातील शाळांत आता त्या दिवशी स्पर्धा आणि संचलने होतात.